कवटीत ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’

रिसर्चला यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना मी हल्ली एक प्रश्न विचारते. समजा, तुमच्यासमोर एक तुटकी जीवाश्म कवटी आहे. तिच्यावर गालाच्या हाडाची कमान दिसत नाही. तुम्ही वहीत काय लिहाल? ‘कमान नाही’ की ‘कमान दिसत नाही’?

बरेच जण म्हणतात, दोन्ही एकच की! पीएचडीच्या पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. त्या एका शब्दापायी मला परिषदेला पाठवलेला सारांश मागे घ्यावा लागला. ती गोष्ट पुढे सांगतेच, पण आधी कवट्यांबद्दल बोलायला हवं. त्याशिवाय ती चूक किती मोठी होती हे कळणार नाही.

आधी प्रश्न समजून घेऊ

आज जिवंत असलेल्या सस्तन प्राण्यांची तीन घराणी आहेत. अंडी घालणारे, म्हणजे प्लॅटिपस आणि एकिडना. पिशवीवाले, म्हणजे कांगारू, ऑपॉसम वगैरे. आणि तिसरे प्लॅसेंटल, ज्यांत उंदीर, वटवाघूळ, हत्ती, देवमासा आणि आपण सगळे येतो. प्लॅसेंटा म्हणजे वार. नाव थोडं फसवं आहे, कारण पिशवीवाल्यांनाही थोड्या काळापुरती वार असते. पण नाव रूढ झालंय, तर तेच वापरू.

आता दोन शब्द नीट वेगळे करून घ्या. पुढचा सगळा वाद त्यांवर उभा आहे. जे सगळे प्राणी, जिवंत असोत की नामशेष, पिशवीवाल्यांपेक्षा प्लॅसेंटलना जवळचे आहेत, त्यांना मिळून युथेरिया म्हणतात. ही झाली सगळी भावकी. तिच्यात आज जिवंत असलेल्या प्लॅसेंटलांचा सगळ्यात अलीकडचा समाईक पूर्वज शोधा. तो आणि त्याचे सगळे वंशज म्हणजे प्लॅसेंटॅलिया. याला क्राउन गट म्हणतात. त्या पूर्वजाच्या आधीच फुटून निघालेल्या आणि पुढे वंश खुंटलेल्या शाखा म्हणजे स्टेम. भावकीतले, पण घरातले नव्हेत.

युथेरियन प्राण्यांचे जीवाश्म खूप जुने आहेत. चीनमधला इओमाया साधारण १२.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. डायनोसॉर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशियस काळाच्या अखेरीस. म्हणजे मधल्या जवळपास सहा कोटी वर्षांत आपली भावकी डायनोसॉरांच्या पायाखाली वावरत होती, यावर वाद नाही. वाद आहे तो असा: त्या भावकीत आजच्या प्लॅसेंटल घराण्यातलं कुणी होतं का? सशाचा, घोड्याचा किंवा आपला थेट नातलग डायनोसॉरांबरोबर राहत होता का? की हे सगळे गट डायनोसॉर गेल्यानंतर रिकाम्या झालेल्या जगात फुलले?

डीएनएवरून काळ मोजणारे बहुतेक अभ्यास म्हणतात की प्लॅसेंटल घराणं क्रेटेशियसमध्येच फुटायला लागलं. खडकांतली हाडं मात्र इतक्या सहज हो म्हणत नाहीत. आणि हाडांमध्ये सगळ्यात जास्त बोलते ती कवटी.

गोबीच्या वाळवंटातल्या बोटभर कवट्या

क्रेटेशियस काळातले बहुतेक सस्तन प्राणी आपल्याला कसे माहीत आहेत? दातांवरून. दातावरचं एनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. बाकी सगळं कुजतं, तुटतं, वाहून जातं, दात उरतो. उंदराएवढ्या प्राण्याची कवटी कागदासारखी पातळ असते. ती अखंड राहणं हा योगच म्हणायचा.

हा योग मंगोलियातल्या गोबी वाळवंटात वारंवार आला. तिथले खडक म्हणजे साडेसात-सात कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या. वाळू ढासळली आणि तिच्याखाली प्राणी जसेच्या तसे गाडले गेले. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमा १९२०च्या दशकात रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली तिथे गेल्या. डायनोसॉरच्या अंड्यांमुळे त्या जगभर गाजल्या, पण त्याच लालसर कड्यांच्या पायथ्याशी त्यांना काही इवल्याशा कवट्याही मिळाल्या. १९२६ मध्ये ग्रेगरी आणि सिम्पसन यांनी त्यांचं वर्णन छापलं. त्यांतल्या एकीचं नाव झालांब्डालेस्टीस. कवटी साधारण पाच सेंटिमीटरची, नाकाड लांब आणि निमुळतं, खालच्या जबड्यात पुढे झुकलेला मोठा पटाशीचा दात. ‘लेस्टीस’ म्हणजे ग्रीकमध्ये लुटारू. या शाखेतल्या बऱ्याच प्राण्यांच्या नावात हा लुटारू आहे, लक्षात ठेवा. शेवटी तो आपल्याकडेही येणार आहे.

पुढे बरीच वर्षं यात फारशी भर पडली नाही. मग १९६३ ते १९७१ या काळात पोलंड आणि मंगोलिया यांच्या संयुक्त मोहिमा झाल्या. नेतृत्व होतं झोफिया किएलान-यावोरोव्स्का यांचं. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सामध्ये गुप्तपणे चालणाऱ्या विद्यापीठात शिकलेल्या, वॉर्साच्या उठावात जखमींची शुश्रूषा केलेल्या या बाई. एवढ्या मोठ्या जीवाश्म मोहिमेचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. त्यांच्या मोहिमांनी केनालेस्टीस, एशियोरिक्टीस, बारुनलेस्टीस असे नवे युथेरियन दिले, कवट्यांसकट! केनालेस्टीस आणि एशियोरिक्टीसच्या कवट्या तुमच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठ्या नाहीत.

बाईंनी या कवट्यांवर पुढे अनेक वर्षं काम केलं. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने वाळूचा एकेक कण सोडवायचा, मग प्रत्येक भोक, प्रत्येक खोबण, प्रत्येक सांधा बघायचा आणि काढायचा. आज आपण सीटी स्कॅन करून संगणकावर कवटी फिरवतो. पण त्यांचे ते पेपर समोर ठेवल्याशिवाय माझं अजूनही पान हलत नाही.

कवटी वाचायची कशी?

आता थोडं प्रात्यक्षिक करू. डोळ्याच्या खोबणीखाली, गालाच्या हाडावर बोट ठेवून हलकेच दाबा. तिथे हाडाला एक भोक असतं आणि त्यातून वरच्या ओठाकडे जाणारी चेता बाहेर पडते. मिशा असलेल्या प्राण्यांत हीच चेता मिशांच्या मुळांशी जाते. म्हणून जीवाश्मात हे भोक किती मोठं आहे आणि कोणत्या दातावर येतं, हे नोंदवायचं असतं.

आता बोट गालावरून कानाकडे न्या. हाताला लागतो तो हाडाचा दांडा म्हणजे गालाची कमान. जबडा चावणारा स्नायू तिच्यावर बसतो. ही कमान लक्षात ठेवा. माझी फजिती हिनेच केली.

दात अर्थात मोजायचेच. आजच्या प्लॅसेंटलांत, ज्यांचे दात पटाशी, सुळा, दाढ असे वेगवेगळे आहेत त्यांच्यात, वरच्या जबड्याच्या एका बाजूला तीनपेक्षा जास्त पटाशीचे दात नसतात. एशियोरिक्टीसला वर पाच आणि खाली चार होते. तोंड उघडताच हा गडी ‘मी जुन्या वळणाचा’ असं सांगतो.

कवटीच्या आतली पोकळीही बोलते. तिच्यात साचून घट्ट झालेली वाळू म्हणजे मेंदूचा साचा. किएलान-यावोरोव्स्का यांनी १९८४ मध्ये या युथेरियनांच्या मेंदूच्या साच्यांवर लिहिलं. वास घेणारा भाग भला मोठा, वरचा मेंदू लहान आणि बिनसुरकुत्यांचा, इतका आखूड की मध्यमेंदू मागे उघडाच दिसतो. रात्री नाकाच्या भरवशावर किडे शोधणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो.

पण खरी खाण आहे कानात.

कवटी उलटी करून खालून बघा. मागच्या बाजूला, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना दोन फुगीर हाडं दिसतात. हे पेट्रोझल, म्हणजे आतला कान सांभाळणारं हाड. त्याच्या फुगवट्याला दोन खिडक्या असतात. एकीत रिकीब बसते, म्हणजे शाळेत ‘हातोडी, ऐरण, रिकीब’ असं शिकलो त्यातली शेवटची. दुसरी खिडकी गोल, पडद्याने झाकलेली. आणि या फुगवट्याच्या पाठीवरून काही बारीक खोबणी जातात. त्या रक्तवाहिन्यांच्या आणि चेतांच्या वाटा.

इथे एक प्रश्न कधी पडलाय का? रिकिबीला मधोमध भोक का असतं? कारण गर्भात असताना तिच्यातून एक धमनी जाते! माणसात ती धमनी जन्माआधीच सहसा नाहीशी होते, भोक तेवढं उरतं. बऱ्याच लहान सस्तन प्राण्यांत ती आयुष्यभर टिकते आणि हाडावर आपली खोबण उमटवते. मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी काहींत फुगवट्यावरून जाते, काहींत त्याच्या आतल्या कडेने. कोणत्या प्राण्यात कोणती वाट, यावरून नाती ठरवता येतात. म्हणूनच जुन्या कवट्यांच्या कानावर इतकी पानं लिहिली गेली आहेत.

खोबण म्हणजे धमनी नव्हे

याच धमन्यांची एक गोष्ट ऐका. विसाव्या शतकात बराच काळ असं मानलं जायचं की आदिम सस्तन प्राण्यांत मेंदूकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या धमन्या असाव्यात, एक फुगवट्यावरून जाणारी आणि एक आतल्या कडेने. मग काही गटांनी पहिली गमावली, काहींनी दुसरी. चित्र छान होतं. खोबणी त्याप्रमाणे वाचल्या जायच्या आणि वंशवृक्षही त्याप्रमाणे काढले जायचे.

१९७९ मध्ये रॉबर्ट प्रेस्ली यांनी भ्रूणांचा अभ्यास करून दाखवलं की या दोन धमन्या मुळात एकच आहेत. धमनी एकच, वाढत जाणाऱ्या कानाच्या संदर्भात तिची जागा निरनिराळ्या प्राण्यांत निरनिराळी ठरते. म्हणजे ‘एक गमावली, एक राखली’ ही अख्खी कथाच निकालात निघाली. कोणाच्याही निरीक्षणात खोट नव्हती, खोबणी जिथे होत्या तिथेच होत्या. चूक होती ती खोबणीपासून धमनीपर्यंत मारलेल्या उडीत.

पुढे आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. धमनीबरोबर चेताही जातात, त्यामुळे धमनी आक्रसून गेली तरी खोबण राहू शकते. उलट, धमनी असूनही हाडावर खोबण उमटतेच असं नाही. म्हणून कोडिंग करताना ‘धमनी आहे’ असं लिहू नका. ‘खोबण आहे’ लिहा. जे डोळ्यांना दिसलं ते एका रकान्यात आणि त्याचा अर्थ दुसऱ्या रकान्यात. हा नियम मला कुणी पहिल्या दिवशी सांगितला असता तर बरं झालं असतं.

माझी फजिती

आता येते मूळ गोष्टीवर.

नाती शोधायला आपण एक मोठा तक्ता करतो, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आडव्या ओळीत प्राणी, उभ्या रकान्यात लक्षणं. गालाची कमान: अखंड असेल तर ०, अपुरी किंवा नसेल तर १. फुगवट्यावर खोबण: नसेल तर ०, असेल तर १. अशी शेकडो लक्षणं. जिथे हाड तुटलंय, दगडात अडकलंय, हरवलंय, तिथे प्रश्नचिन्ह. मग संगणक कमीत कमी बदलांत बसणारा वंशवृक्ष शोधतो.

यात एक मेख आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे मौन. संगणक त्यावरून कोणतंही नातं जोडत नाही. पण ० किंवा १ म्हणजे साक्ष. तुम्ही साक्ष दिलीत की संगणक ती खरी धरतो, तुम्ही किती खात्रीने दिली ते विचारत नाही.

पहिल्या वर्षी मी तुलनेसाठी आजच्या लहान सस्तन प्राण्यांच्या कवट्या बघत होते, त्यातही चिचुंद्रीच्या जास्त. चिचुंद्रीला गालाची कमान नसतेच. तुटलेली नाही, मुळातच नसते. महिनोन्‌महिने अशा कवट्या बघितल्यावर डोळ्यांना त्याची सवय होते. त्यानंतर मी गोबीतल्या एका छोट्या कवटीचं कोडिंग प्रसिद्ध झालेल्या फोटोंवरून करायला घेतलं. फोटोत कमान नव्हती. मी बेधडक १ लिहिलं. कानाच्या पडद्याला धरणारी हाडाची कडी दिसली नाही, तिथेही तसंच, ‘नाही’. अशा दोन-तीन खणांत मी प्रश्नचिन्हाच्या जागी उत्तर भरलं.

झाड आलं. माझा जीवाश्म थेट चिचुंद्रीच्या शेजारी बसला होता! मी हवेतच. क्रेटेशियसमधला प्लॅसेंटल, तोही माझ्या पहिल्याच मॅट्रिक्समध्ये! सारांश लिहिला, पाठवला, घरी फोन करून आईलाही सांगितलं.

माझ्या गाईड मॅडमनी फोटो मोठा करून बघितला आणि वरच्या जबड्याच्या मागच्या टोकाला बोट ठेवलं. “हे काय आहे?” तिथे एक छोटा तुटका खुंट होता. कानाजवळच्या हाडावरही तसाच दुसरा. दोन खुंट एकमेकांकडे तोंड करून उभे. मधली कमान तुटून गेलेली होती, पण तिची दोन्ही टोकं तिथेच होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, “हाड नव्हतं, की तुला दिसलं नाही?”

मी तिन्ही खण दुरुस्त केले. कमानीच्या खणात ०, बाकीच्यांत प्रश्नचिन्ह. पुन्हा झाड काढलं. जीवाश्म चिचुंद्रीपासून उठला आणि स्टेमवर, बाकीच्या जुन्या भावकीत जाऊन बसला. सारांश मागे घेतला. आईला पुन्हा फोन करायला मात्र दोन दिवस लागले.

त्या हाडाच्या कडीचं काय ते पुढे स्वतःच कळलं. विभागाच्या संग्रहातली चिचुंद्रीची एक कवटी साफ करताना तिची कडी गळून पडली. चिचुंद्रीत ती कवटीला घट्ट जोडलेली नसते, सैल टेकलेली असते. बरणीच्या तळाशी मला ती सापडली, केसाएवढी बारीक. मेल्यानंतर काही दिवसांत गळणारी गोष्ट सात कोटी वर्षांच्या कवटीत दिसली नाही, म्हणून ती नव्हतीच असं लिहायला मी निघाले होते!

हाच फरक, मोठ्या पटावर

तुम्हाला वाटेल, ही नवशिक्याची चूक. पण तोच प्रश्न, म्हणजे आपल्याकडचा पुरावा कुठवर बोलतो आणि कुठे गप्प बसतो, या विषयातल्या सगळ्यात गाजलेल्या वादाच्याही मुळाशी आहे.

२००१ मध्ये आर्चिबाल्ड, अव्हेरियानोव आणि एकडेल यांचा ‘नेचर’मध्ये पेपर आला. उझबेकिस्तानच्या किझिलकुम वाळवंटातल्या जवळपास नऊ कोटी वर्षं जुन्या कुल्बेकिया नावाच्या प्राण्याचा त्यात आधार होता. कुल्बेकिया झालांब्डालेस्टीसच्या कुळातला. त्यांच्या विश्लेषणात हे कूळ ससे आणि उंदीर यांच्या गटाजवळ आलं. तो पुढे झुकलेला मोठा पटाशीचा दात आठवा. ते खरं असेल तर प्लॅसेंटल घराणं डायनोसॉरांच्या काळातच फुटलेलं होतं आणि डीएनएवाल्यांचं म्हणणं हाडांनीही मान्य केल्यासारखं झालं असतं.

पण त्या मॅट्रिक्समध्ये आजच्या गटांच्या बाजूचे प्रतिनिधी मोजके होते. लग्नात दोनच स्थळं दाखवली तर पसंती त्या दोघांतच होणार. तुलनेला पुरेशा शाखा नसतील तर जीवाश्म त्यातल्या त्यात सारख्या दिसणाऱ्याला चिकटतो.

दरम्यान झालांब्डालेस्टीसच्या विरोधात बाकीचं शरीर साक्ष देत होतं. १९९७ मध्ये नोव्हासेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झालांब्डालेस्टीस आणि उखाथेरियम या दोघांनाही ओटीपोटाच्या पुढे एपिप्युबिक नावाची हाडं होती. ही हाडं आज पिशवीवाल्यांत आणि अंडी घालणाऱ्यांत असतात, जिवंत प्लॅसेंटलांत नसतात. पोट फुगायला ती आडकाठी ठरत असावीत, म्हणजे पिल्लू पोटात फार दिवस वाढवणं अवघड, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. २००४ मध्ये वायबल, नोव्हासेक आणि रुजिए यांनी झालांब्डालेस्टीसची कवटी आणि दात यांवर शंभराहून जास्त पानांचं वर्णन छापलं. एका कवटीवर शंभर पानं! कुणी म्हणेल, एवढं काय लिहायचं? तर प्रत्येक भोक, प्रत्येक खोबण, आणि प्रत्येक ठिकाणी हे दिसतं, हे तुटलंय, हे अमुक नमुन्यात दिसतं आणि तमुक नमुन्यात नाही, असा हिशेब.

मग २००७ मध्ये वायबल, रुजिए, नोव्हासेक आणि अ‍ॅशर यांनी गोबीतल्याच उखा तोलगोद इथे सापडलेला माएलेस्टीस जाहीर केला. सोबत ४०० हून जास्त लक्षणांचा मॅट्रिक्स, त्यातली निम्म्याहून जास्त कवटीची, आणि तुलनेला जिवंत-नामशेष अशा कितीतरी शाखा. निकाल काय? क्रेटेशियसमधला एकही युथेरियन प्लॅसेंटल घराण्यात बसला नाही. झालांब्डालेस्टीसचं कूळही सशांपासून उठून स्टेमवर गेलं. सशासारखा दात नात्यातून आलेला नव्हता. वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे तयार झालेला होता.

वाद यावर मिटला नाही. २०१३ मध्ये ओ’लीरी आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांहून जास्त शारीरिक लक्षणं डीएनएबरोबर तपासली आणि प्लॅसेंटलांचा समाईक पूर्वज डायनोसॉरांनंतरचा ठरवला. काळ मोजणाऱ्यांनी त्यावर लगेच आक्षेप घेतले. मात्र एक लक्षात घ्या. ‘क्रेटेशियसमधला पक्का प्लॅसेंटल सापडलेला नाही’ हे एक वाक्य झालं आणि ‘क्रेटेशियसमध्ये प्लॅसेंटल नव्हते’ हे दुसरं. पहिलं निरीक्षण आहे, दुसरा निष्कर्ष. दोन्हींच्या मध्ये माझ्या त्या तुटक्या कमानीएवढीच जागा आहे.

आणि आपला दख्खनचा लुटारू

आता तो ‘लेस्टीस’ आपल्याकडे येतो. १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक सहानी यांनी आजच्या तेलंगणातल्या नसकलच्या खडकांतून भारतातला पहिला क्रेटेशियस सस्तन प्राणी जाहीर केला. दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक साचत असताना मधल्या शांततेच्या काळात तळ्यांमध्ये गाळ साचला, त्या गाळाच्या थरातला हा प्राणी. नाव डेक्कनोलेस्टीस हिस्लोपी, म्हणजे दख्खनचा लुटारू. ‘हिस्लोपी’ हे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांच्या नावावरून. मिशनरी म्हणून आलेल्या या माणसाने एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या परिसरातले जीवाश्म गोळा केले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

डेक्कनोलेस्टीस कशावरून माहीत झाला? गाळाचा दगड फोडून, भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निवडून. तांदळातले खडे निवडावेत तसं, फक्त इथे खडे टाकायचे आणि एखादाच दाणा ठेवायचा. त्यातून मिळाले सुटे दात, आणि पुढे घोट्याची व हातापायाची काही हाडं. हाडं सांगतात की हा झाडांवर चढणारा प्राणी असावा. त्यावरून २०१० मध्ये त्याला माकडं आणि झाडचिचुंद्र्या यांच्या मोठ्या गटाजवळ ठेवलं गेलं. २०११ मध्ये गोस्वामी आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणात तो स्टेमवर गेला. दोन्ही अभ्यास नेटाने केलेले. पण कान नाही, मेंदूचा साचा नाही, गालाची कमान नाही. मॅट्रिक्समधल्या कवटीच्या रकान्यांत सरळ प्रश्नचिन्हांची रांग.

ही रांग बघून मला पूर्वी वाईट वाटायचं. आता तसं वाटत नाही. त्या रांगेत कुणी घाईने उत्तरं भरलेली नाहीत, म्हणूनच उद्या कुणाला त्या खडकांत एखादी पेट्रोझल सापडली तर तिला बोलायला जागा आहे. ती सापडवणारी व्यक्ती तुमच्यापैकी असू शकते, आणि हे मी उगीच प्रोत्साहन म्हणून बोलत नाहीये. दख्खनच्या थरांमधले गाळाचे पट्टे महाराष्ट्रातही आहेत.

मग तुम्ही काय कराल?

तुमचा विषय जीवाश्म नसेलही. वनस्पती असतील, जीवाणू असतील, सर्वेक्षणाचे फॉर्म असतील. तरी मी स्वतःला लावून घेतलेल्या चार सवयी सांगते.

पहिली: नोंदवहीत तीन वेगळी चिन्हं ठेवा. ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘कळत नाही’. रिकामा खण कधीच सोडू नका. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही की तो रिकामा का होता.

दुसरी: ‘नाही’ लिहिण्याआधी खुंट शोधा. जी गोष्ट खरोखर नसते तिच्या जागी धड, गुळगुळीत हाड असतं. जी तुटून गेलेली असते तिच्या जागी तुटकी कड असते. ‘नाही’ यालाही पुरावा लागतो.

तिसरी: फोटोवरून कोडिंग केलं असेल तर तसं लिहा. शक्य असेल तर मूळ नमुना, त्याचा साचा किंवा स्कॅन बघा. सावलीत हरवलेलं हाड फोटोत दिसत नाही.

चौथी: निकाल फार आवडला, तर त्याच दिवशी कुठेही पाठवू नका. ज्या दोन-तीन खणांवर तो उभा आहे ते शोधा, त्यांत प्रश्नचिन्ह घाला आणि पुन्हा विश्लेषण करा. निकाल टिकला तर आनंद करा. नाही टिकला, तर तुमचं नुकसान फक्त एका संध्याकाळचं. माझं एका सारांशाचं झालं होतं.

माझ्या टेबलावर ती चिचुंद्रीची कडी अजून आहे, छोट्या कुपीत कापसावर ठेवलेली. कुपीच्या चिठ्ठीवर मी प्रजाती आणि तारीख लिहिली आहे, आणि खाली एक ओळ: ‘कवटीवर दिसत नव्हती. बरणीत होती.’